संध्याकाळी सहा ते नऊ

कामगार कल्याण केंद्र म्हणा, समाजमंदिर म्हणा, की महापालिकेचं क्रीडा संकुल म्हणा, संध्याकाळी सातला तिथे पाय ठेवायला जागा नसते. कॅरमच्या बोर्डाभोवती खेळणाऱ्यांपेक्षा सल्ला देणारे जास्त. मधल्या हॉलात कराटेचा वर्ग, व्हरांड्यात भजनी मंडळाची तालीम, आणि संचालकांच्या टेबलापाशी दोन मंडळांचे कार्यकर्ते एकाच शनिवारसाठी अर्ज घेऊन उभे. केंद्र चालवणाऱ्याला लोक सहानुभूतीने विचारतात, जागा कमी पडत असेल ना? जागा बहुतेक वेळा पुरते. पुरत नाहीत ते तास. शाळा, कचेरी, कारखाना यांतून माणसं सुटतात ती साधारण एकाच वेळी, आणि जेवायला घरी परततात तीही एकाच वेळी. मधले तीन तास कोणाला द्यायचे, हा केंद्र चालवण्यातला खरा प्रश्न. त्याचं उत्तर वेळापत्रक म्हणून भिंतीवर टांगलेलं असतं. त्या वस्तीत कोणाचं वजन किती, हे त्या कागदावरून जेवढं कळतं तेवढं निवडणुकीच्या निकालावरूनही कळत नाही, असं माझं मत आहे.

हे तास आपल्याकडे आपोआप आलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या गिरण्यांत उजेड असेपर्यंत काम, असा हिशेब होता आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले, सरकार आणि मालक दोघांचाही पिच्छा पुरवला. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. त्यानंतर कायदे दिवसाची लांबी हळूहळू कापत गेले. १९११ साली कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस १२ तासांवर आला. १९२२ साली आठवडा ६० तासांचा झाला, १९३४ साली ५४ आणि १९४६ साली ४८ तासांचा. म्हणजे आपण ज्याला सहज ‘संध्याकाळ’ म्हणतो, ती कामगाराच्या वाट्याला यायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

१९१९ साली वॉशिंग्टनमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. परिषदेने जगासाठी आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा ठरवला; ब्रिटिश हिंदुस्थानसाठी मात्र ६० तास. ही सवलत मालकांना होती, हे सांगायला नको. तास कमी होऊ लागताच दुसरी चिंता सुरू झाली: मोकळ्या वेळेचं हे लोक करतील काय? १९२४ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कामगारांच्या फावल्या वेळेच्या विनियोगाबद्दल स्वतंत्र शिफारसच मंजूर केली. बागा, खेळाची मैदानं, वाचनालयं असल्या सोयी व्हाव्यात असा तिचा रोख होता. सार्वजनिक विरंगुळा हा सरकारी फायलीतला विषय झाला तो असा.

जोशींना मात्र कुणाच्या शिफारशीची वाट पाहावी लागली नव्हती. १९११ सालीच त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली होती. लंडनच्या पूर्व भागात १८८४ साली टॉइन्बी हॉल सुरू झाला होता. शिकलेल्या लोकांनी गरीब वस्तीत राहायला जायचं आणि तिथे शाळा, मंडळं, व्याख्यानं चालवायची, ही त्यामागची कल्पना. लीगचा वाण त्याच जातीचा, पण माती गिरणगावची. तिथल्या एका खोलीत दहा-पंधरा पुरुष राहत. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणूनच ते मावत. खोली म्हणजे वळकटी आणि ट्रंक ठेवायची जागा. जेवण खानावळीत आणि बाकीचं आयुष्य जिन्यावर, गॅलरीत, नाक्यावर, तालमीत. अशा माणसाला वाचनालयाने पुस्तकाआधी काय दिलं असेल, तर बसायला बाक आणि डोक्यावर दिवा. लीगने रात्रशाळा चालवल्या, फिरती वाचनालयं काढली, आणि १९२२ साली परळला दामोदर हॉल उभा राहिला. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांचं नमन, दशावतार आणि कामगारांची हौशी नाटकं या रंगमंचावर वाढली. पुनर्विकासासाठी २०२३ साली तो बंद झाला, तेव्हा रंगकर्मी रस्त्यावर उतरले. डिलाईल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या बहुतेकांना जोशी कोण हे ठाऊक नसतं, पण हे काही त्या एकाच रस्त्याचं दुर्दैव नाही.

परळपासून फार दूर नाही अशा नागपाड्यात दुसरा एक प्रयोग चालू होता, आणि मला तो अधिक शिकवणारा वाटतो. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथे ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ सुरू केलं. आसपास मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, दलित, उत्तरेकडून आलेले, दक्षिणेकडून आलेले अशी सरमिसळ, पलीकडे कामाठीपुरा. इथे एका जातीचं किंवा एका गावाचं मंडळ काढून भागणार नव्हतं. गिरणगावातल्या तालमीला गावकी, भावकी आणि वाडी यांचा आयता आधार होता, तसा इथे नव्हता. म्हणून हाऊसने वस्तीलाच सभासद मानलं. खेळ, दवाखाना, लहान मुलांची देखभाल, वर्ग आणि शहराच्या प्रश्नांवरची जाहीर व्याख्यानं हे सगळं एका छपराखाली आणलं. मिशन होतं, तरी धर्मप्रसाराची वेसण कार्यक्रमांना घातली नाही, म्हणूनच लोक आले.

या घरातून दोन गोष्टी बाहेर पडल्या. एक, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क. ही संस्था १९३६ साली नागपाड्याच्या याच हाऊसमध्ये सुरू झाली आणि मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले. आज देवनारला असलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. देशातलं समाजकार्याचं पहिलं व्यावसायिक शिक्षण असं एका वस्तीच्या केंद्रात जन्माला आलं. दुसरी गोष्ट म्हणजे बास्केटबॉल. अमेरिकन लोक येताना आपला खेळ घेऊन आले आणि नागपाड्याने तो आपला करून टाकला. भारताचं नेतृत्व केलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर याच मोहल्ल्यातले. मुंबईत उंच, धष्टपुष्ट मुलांच्या इतर वस्त्याही होत्याच. पण रोज संध्याकाळी उघडं असणारं मैदान आणि तिथे हजर असणारा शिकवणारा माणूस ही जोडी नागपाड्याला मिळाली. खेळाडू घडवण्याच्या योजनांवर आपण पुष्कळ लिहितो. त्यातला बराचसा भाग ‘रोज’ या एका शब्दात मावतो.

या झाल्या खासगी संस्था. सरकार यात उतरलं ते प्रांतिक स्वायत्ततेनंतर. १९३९ च्या सुमाराला मुंबई सरकारने कामगार वस्त्यांत स्वतःची कल्याण केंद्रं सुरू केली, आणि १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने त्यांच्यासाठी वेगळं मंडळ आणि वेगळा पैसा उभा केला. आजचं महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ ते हेच. प्रभादेवीतल्या त्याच्या क्रीडा भवनाला हुतात्मा बाबू गेनूचं नाव आहे. विदेशी मालाची लॉरी अडवताना १९३० साली चिरडला गेलेला बाबू गेनू गिरणी कामगारच होता.

या कायद्यात निधी कशावर खर्च करता येईल याची जी यादी आहे, ती कायद्याच्या पुस्तकात शोभणार नाही इतकी माणसाळलेली आहे: सामाजिक शिक्षणाची केंद्रं, वाचनालयं, खेळ, सहली, विश्रामगृहं, करमणूक, स्त्रियांसाठी घरगुती उद्योग. आणि पैसा कुठून? कामगारांकडून वसूल केलेले दंड हा एक भाग. दुसरा भाग मोठा चमत्कारिक होता. तो म्हणजे न उचललेला पगार. पेरणीला किंवा शिमग्याला गावी गेलेला बदली कामगार परत आलाच नाही. कोणी आजाराने गेला. कोणाला बोनसची थकबाकी निघाल्याचं कळलंच नाही. अशा रकमा गिरण्यांच्या वह्यांत वर्षानुवर्षं पडून राहत. तीन वर्षं न उचललेला असा पैसा कल्याण निधीत जमा करायचा, असं कायद्याने ठरवलं.

गिरणीमालक हे मुकाट्याने मान्य करणार नव्हतेच. बॉम्बे डाइंगचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५७ साली न्यायालयाने न उचललेल्या पगाराबद्दलची तरतूद रद्द ठरवली. मग १९६१ साली कायद्याला दुरुस्ती करून कामगाराला आधी नोटीस, हक्क सांगायला मुदत, अशी रचना केली गेली. गुजरात वेगळं झाल्यावर तिथल्या अशाच कायद्यावरून अंबिका मिल्सचा खटला उभा राहिला. त्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. हा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही घटनेच्या तासाला वाचतात. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा पूर्णपणे मृत असतो की केवळ झाकोळलेला, असल्या बारीक मुद्द्यांसाठी त्याचा दाखला दिला जातो. मुळात भांडण होतं ते गावी परत गेलेल्या कुणा माणसाच्या न नेलेल्या पगारातून दुसऱ्या कामगाराच्या पोराला फुटबॉल घेता येईल का, यावर. हे वर्गात सांगितलं जातं की नाही, शंका आहे.

पैसा आला, इमारत झाली, की वेळापत्रक. गिरणगावात ते भोंग्याला बांधलेलं होतं. पहिली पाळी सकाळी सातला लागून दुपारी साडेतीनला सुटायची, दुसरी साडेतीनपासून मध्यरात्रीपर्यंत. दुसऱ्या पाळीच्या माणसाला संध्याकाळ नसायचीच. त्याचा विरंगुळा सकाळी दहाला. म्हणून इथल्या व्यायामशाळा, वाचनालयं सकाळीही गजबजलेली असत. केंद्रसंचालकाला लोकांची घड्याळं ठाऊक हवीत, ती अशी. मुंबईत त्यात आणखी एक घड्याळ असतं, नळाचं. चाळीत पाणी यायच्या वेळेला बायकांसाठी कार्यक्रम ठेवला, तर वक्ता कितीही मोठा असो, समोर रिकाम्या खुर्च्या. शिवणवर्ग जुन्या केंद्रांतून दुपारी दोन ते चार का भरतो, याचं कारण नियमावलीत सापडणार नाही. दुपारची भांडी उरकलेली असतात, मुलं शाळेतून यायची असतात, नळ बंद असतो आणि हॉलवर कोणत्याही पुरुष मंडळाचा डोळा नसतो. शेवटचं कारण सर्वांत महत्त्वाचं.

कारण सहा ते नऊची वेळ बायकांना मिळतच नाही. मागितली तर नाही म्हणत नाहीत. ‘तुमच्या सोयीची वेळ सांगा’ म्हणतात आणि दुपार पुढे करतात. जिथे संध्याकाळी मुलींची कबड्डी किंवा लेझीम उभी राहिली, तिथे बारकाईने पाहिलं तर तीन गोष्टी आधी झालेल्या दिसतात: कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह, फाटकापासून रस्त्यापर्यंत दिवे, आणि कार्यकारिणीवर किमान एक अशी बाई, जिला विचारल्याशिवाय वेळापत्रकाचा कागद हलत नाही. क्रीडाधोरणांचे मसुदे लिहिणाऱ्यांनी कडीचा उल्लेख एकदा तरी करावा.

कोणता खेळ ठेवायचा हाही तासांचाच हिशेब, फक्त त्याला चौरस मीटरची जोड द्यावी लागते. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ बाय ६.१ मीटर, म्हणजे सुमारे ८२ चौरस मीटर, आणि त्यावर एका वेळी जास्तीत जास्त चौघे. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १०, म्हणजे १३० चौरस मीटर, त्यावर चौदा जण, बाहेर राखीव दहा आणि आरडाओरडा करायला अख्खी गल्ली. माणशी जागा काढली तर बॅडमिंटनला २० चौरस मीटर, कबड्डीला ९. कॅरमचा बोर्ड आतून २९ इंचांचा. चार स्टुलं धरून सहा-सात चौरस मीटरमध्ये चौघांची सोय होते, म्हणजे माणशी दीड. शिवाय पावसाळ्यात बंद नाही, गुडघे दुखण्याचा प्रश्न नाही, आणि सत्तरीचे आजोबा बारा वर्षांच्या पोराला हरवू शकतात. आपल्या सार्वजनिक जीवनात कॅरमइतकं काटकसरी साधन दुसरं नाही. तरी नवं संकुल बांधताना वर्तमानपत्रात छापून येतं ते बॅडमिंटन कोर्टाचं चित्र.

बॅडमिंटनवर माझा राग नाही. मुद्दा असा की बॅडमिंटन खेळणारा बहुधा फी भरू शकतो. तो तीन महिन्यांचे पैसे आगाऊ देतो, संध्याकाळी सात ते आठ हा ‘स्लॉट’ आपल्या नावावर करतो, आणि वर्षा-दोन वर्षांत तो स्लॉट त्याच्या घरचा होऊन बसतो. हॉल एकच असेल, तर त्या तासाला झांजपथक, टेबल टेनिस, लहान मुलांचं जिम्नॅस्टिक सगळं बाहेर. कोणी कोणाला हाकललेलं नसतं. हिशेबाच्या वहीत ती नोंद ‘उत्पन्न’ म्हणून हिरव्या शाईत असते. यावर जुन्या मंडळांनी काढलेला तोडगा साधा आहे: कोणतंही आरक्षण तिमाहीपुरतंच, आणि तिमाही संपली की सगळ्यांनी पुन्हा रांगेत. कटकट होते, भांडणं होतात. पण कोणी मालक होत नाही.

सर्वांत मोठा मालक वेगळाच असतो: लग्न. तुळशीचं लग्न लागलं की हॉलचं भाडं विचारायला लोक येऊ लागतात ते जूनपर्यंत. एका मुहूर्ताच्या दिवसाचं भाडं म्हणजे पोरांच्या कित्येक महिन्यांच्या फीइतका पैसा. गळणारं छप्पर, थकलेलं वीजबिल, शिपायाचा पगार या सगळ्यांचं उत्तर त्यात असतं, म्हणून पहिलं वर्ष कोणालाच खटकत नाही. मग लग्नाच्या आदल्या दिवशी सजावटवाला येतो, दुसऱ्या दिवशी भांडी निघतात, म्हणजे एका लग्नाला तीन संध्याकाळी. कराटेचा वर्ग आधी ‘या आठवड्यात नाही’, नंतर ‘मे नंतर बघू’ असं करत करत बंद पडतो. मुलं तुटली की परत येत नाहीत. काही वर्षांनी पाटीवर नाव व्यायाम मंदिर, आत स्टेज, गालिचा आणि केटररचा फोन नंबर. महाराष्ट्रात गावोगावी अशी मंदिरं दाखवता येतील. विश्वस्तांनी चोरी केलेली नसते. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब दरवर्षी व्यवस्थित दाखल झालेला असतो, शिल्लकही असते. फक्त संस्था उरलेली नसते. भाड्याने हॉल देऊच नये असं म्हणणं सोपं आहे, पण अनुदान बेभरवशाचं असताना ते खोटं ठरतं. वर्षाला किती दिवस द्यायचे हा आकडा घटनेतच लिहून ठेवणारी आणि शनिवार-रविवार वगळून बाकीचे दिवस नियमित वर्गांना राखणारी मंडळं मात्र तग धरतात, असं दिसतं.

आता जाहीर कार्यक्रम. इथे केंद्रांची धडपड बहुधा प्रसिद्धीवर चालते: फ्लेक्स, पत्रकं, आता व्हॉट्सअॅपचे गट. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, ती अजून एप्रिल-मेमध्ये भरते. तिच्याकडून शिकायचं तर तारीख शिकावी. लोकांना वक्ता आठवत नाही, विषय आठवत नाही, पण ‘वसंत’ची वेळ झाली हे आठवतं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी साडेसहाला काही ना काही असतंच, एवढं वस्तीच्या अंगवळणी पडलं की निम्मी पत्रकं वाचतात. शनिवार चुकवला की सवय मोडते, आणि ती पुन्हा लावायला वर्ष जातं. म्हणून मोठ्या पाहुण्याच्या सोयीसाठी तारीख पुढे ढकलणं हा मला सगळ्यांत महागडा सौदा वाटतो.

दुसरं हमखास चालणारं साधन स्पर्धा. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्य, भजन, समरगीत आणि कबड्डीच्या स्पर्धांत गिरण्यांचे, एस.टी.चे, वीज कंपनीचे, कारखान्यांचे लोक केंद्राच्या नावाने उतरत आले आहेत. स्पर्धेमुळे तालमीला कारण मिळतं. घरी सांगता येतं, वरिष्ठांकडे लवकर सुटायची परवानगी मागता येते, आणि दोन महिने रोज संध्याकाळी पंधरा माणसं एकत्र येतात. बक्षीस हा निमित्तमात्र भाग. पण तिची दुसरी बाजूही आहे. स्पर्धा संपली की केंद्र ओस, पुढच्या वर्षापर्यंत. आणि जिंकायचं ठरलं की चांगला नट शेजारच्या वस्तीतून आणला जातो. ज्याला पहिल्यांदाच दोन वाक्यं म्हणायची होती, तो पडद्यामागे खुर्च्या मोजतो. परीक्षकांना हे दिसत नाही, दिसण्याचं कारणही नाही.

या सगळ्याच्या अगदी उलट टोकाला जाऊन पाहणारी माणसंही होऊन गेली. लंडनच्या पेकहॅम भागात जॉर्ज स्कॉट विल्यमसन आणि इनीस पियर्स या डॉक्टर जोडीने १९२६ साली एक छोटं केंद्र काढलं आणि १९३५ साली त्यासाठी ओवेन विल्यम्स या अभियंत्याकडून काचेची मोठी इमारत बांधून घेतली. सभासदत्व एकट्याला नाही, कुटुंबाला. आठवड्याला एक शिलिंग आणि वर्षाला सगळ्यांची वैद्यकीय तपासणी. मधोमध पोहण्याचा तलाव, भोवती व्यायामशाळा, नाट्यगृह, कॅफेटेरिया आणि आतल्या भिंतीही काचेच्या. विरोधाभास असा की इथे वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते, वेळापत्रकही जवळजवळ नव्हतंच. दुसरा काय करतोय हे दिसलं की माणूस आपणहून शिकायला लागेल, ही डॉक्टरांची धारणा. सुरुवातीचे काही महिने पोरांनी इमारत डोक्यावर घेतली; मोडतोड, पळापळ, कर्मचारी हैराण. तरी नियमांचा बडगा आणला नाही. मुलाने चिठ्ठी घ्यायची, साहित्य घ्यायचं, खेळून परत द्यायचं, एवढीच पद्धत लावली. चिठ्ठ्यांवरून कोण मूल काय करतं हे डॉक्टरांना कळायचं, आणि मुलाला कोणाची परवानगी काढावी लागायची नाही. गोंधळ हळूहळू निवळला.

मला यातली काच आवडते. आपल्या केंद्रांत बंद दाराआड ‘ज्युदो – सभासदांसाठी’ असं लिहिलेलं असतं. बाहेरच्या पोराला ज्युदो म्हणजे काय हे कळायची सोयच नाही. दार उघडं ठेवायला पैसे पडत नाहीत. पण वेळापत्रकाशिवाय चालवणं आपल्याकडे जमेल असं मला वाटत नाही. जिथे मागणारे तासांच्या दसपट, तिथे वेळापत्रक काढून टाकलं की तास दांडग्यांकडे जातात. पेकहॅमला सभासद ठरलेल्या परिघातली कुटुंबं होती आणि इमारत ऐसपैस. युद्धात ते केंद्र बंद पडलं, १९४६ साली पुन्हा उघडलं आणि १९५० साली कायमचं मिटलं. ब्रिटनची नवी आरोग्यसेवा आजारावर इलाजासाठी होती. निरोगी माणसांच्या पोहण्याचा खर्च तिच्या कोणत्याच रकान्यात बसेना. ती इमारत आता निवासी फ्लॅटची आहे.

गिरणगावात फ्लॅट थोडे उशिरा आले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंड झाल्या, आणि त्यांच्या भोंग्यावर चालणारी घड्याळंही. केंद्रं मात्र बरीचशी राहिली. त्यांतल्या वाचनालयांचा चेहरा बदलून त्यांची ‘अभ्यासिका’ झाली आहे. वर्तमानपत्राचे वाचक कमी झाले. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं सकाळी सातला येऊन रात्री दहाला उठतात. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांबरोबर राहणाऱ्या मुलाला शांतता विकत घेता येत नाही, म्हणून ही मागणी खरी आहे आणि ती वाढत जाणार. अडचण एवढीच की शांतता आणि भजन एका मजल्यावर नांदत नाहीत. गणपतीच्या आधी ढोलपथक सराव करू लागलं की अभ्यासिकेतून तक्रार येते, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक आणि वाद्यं बंद या नियमामुळे पथकालाही नेमके सहा ते दहाच हवे असतात. पूर्वी कॅरमवाल्यांची आणि भजनवाल्यांची भांडणं व्हायची. ती मिटत, कारण दोन्ही पक्ष एकाच गिरणीत होते. अभ्यासिकेतली मुलगी आणि ढोलवाला मुलगा एकमेकांना ओळखतातच असं नाही.

आणि पैसा? न उचललेले पगार आता फारसे उरले नाहीत. निधी मुख्यतः वर्गणीवर चालतो. पाच किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत जून आणि डिसेंबरच्या पगारातून कर्मचाऱ्याची ठरावीक रक्कम कापली जाते, मालक तिच्या तिप्पट भरतो. ती बारा रुपये होती. २०२४ च्या दुरुस्तीने पंचवीस झाली, आणि मालकाची पंचाहत्तर. पवईच्या काचेच्या इमारतीतला संगणक अभियंताही ती भरतो. पगारचिठ्ठीत चार-पाच इंग्रजी आद्याक्षरांखाली ती दडलेली असते, आणि त्या आद्याक्षरांचा अर्थ लोअर परळमधली व्यायामशाळा किंवा नाशिकमधला शिवणवर्ग असू शकतो, हे सहसा कोणी त्याला सांगत नाही.

त्याच अभियंत्याचं जेवण मोटारसायकलवरून आणून देणाऱ्या मुलाच्या पगारचिठ्ठीत ही ओळ नसते, कारण त्याला पगारचिठ्ठीच नसते. तो कायद्याच्या भाषेत कर्मचारी नाही. राजस्थानने २०२३ साली अशा कामगारांसाठी कायदा केला आणि अॅपवरच्या प्रत्येक व्यवहारावर शुल्क घेऊन कल्याण निधी उभारायची तरतूद केली. महाराष्ट्रात उद्या तसं काही झालं, तर केंद्रं आहेत, मंडळ आहे, सत्तर वर्षांचा अनुभवही आहे. फक्त वेळापत्रक पुन्हा लिहावं लागेल. संध्याकाळी सात ते दहा ही या मुलांच्या धंद्याची ऐन वेळ. त्यांना मोकळीक असते ती दुपारचं जेवण पोचवून झाल्यावर, साधारण तीन ते सहा. तेव्हा ती पुलाखाली मोटारसायकलवर आडवी होऊन मोबाइल बघत पडलेली असतात. आणि त्यांना कॅरमच्या आधी लागतं ते पाणी, स्वच्छतागृह आणि फोन चार्ज करायला प्लग.